अखंड निळा आणि दंत्य अक्षरं

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे रुग्ण कधी फिरकत नाहीत आणि ऊनही बेताचंच येतं, अशा एका दहा बाय बाराच्या खोलीत तो एकवीस वर्षं कवळ्या करत होता. पुढे डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्याचं माप घेत. मागे हा त्या मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करी, मेणावर एकेक दात रचून बघी, आणि शेवटी गुलाबी हिरड्यांसकट अख्खी बत्तिशी घासूनपुसून डबीत घालून पुढे पाठवी. शहरातली कितीतरी म्हातारी माणसं त्याच्या हातचे दात दाखवून हसत, पण त्याला रस्त्यात ओळखणारं एकही नव्हतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याची खरी ओळख दुसरीकडे होती. तिथे हजारभर माणसं त्याला मानत, आणि तेवढीच त्याला पाण्यात पाहत.

ती जागा म्हणजे इंटरनेटवरचा फोनवेड्यांचा कट्टा. तिथे दोन पक्ष होते. एका कंपनीचा फोन निळ्या खोक्यातून येई, दुसरीचा काळ्या. कंपन्यांना चांगली लांबलचक नावं होती, पण ती घ्यायला कुणाला सवड नव्हती. एक ते निळे, दुसरे ते काळे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या एकाच कायद्यावर तिथला सगळा कारभार चाले. कवळीवाला निळा होता, आणि साधासुधा नव्हे, तर ‘अखंड निळा’. तिथे त्याने नावच तसं घेतलं होतं. अकरा वर्षांत त्याने सात फोन बदलले, सातही निळे, आणि त्यांची रिकामी खोकी त्याने कपाटात अशी मांडून ठेवली होती की बायकोच्या कपड्यांना खालच्या कप्प्यात उतरावं लागलं. नव्या निळ्या फोनचं अनावरण असेल त्या दिवशी तो रजा टाकी. पहिल्या वर्षी डॉक्टरीणबाईंना वाटलं, घरात लग्न आहे. एका उन्हाळ्यात त्याचा फोन इतका तापू लागला की हातात धरवेना. त्याने त्यावर कवळीचं मेण मऊ करून घेतलं आणि कट्ट्यावर लिहिलं, की हा उपयोग काळ्यांनी आपल्या फोनवर करून दाखवावा.

बायको मोटार चालवायला शिकवत असे. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही, हा तिचा धंदा. त्यामुळे संयम दांडगा. तिने फक्त एकदा विचारलं होतं, की तुम्हाला ती कंपनी पगार देते का. नाही म्हटल्यावर विचारलं, मग निदान वाढदिवसाला तरी फोन करते का. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

आणि मग होता काळभोर.

काळभोर हा काळ्यांचा सेनापती. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं शुद्धलेखन असं की अर्धविरामसुद्धा जागच्या जागी. शिवी कधी देत नसे. ‘आपण म्हणता ते खरे असावे, अशी माझी फार इच्छा होती; परंतु’ अशी सुरुवात करी, आणि त्या परंतुच्या मागून सहा परिच्छेद येत. सहा वर्षं रोज सकाळी प्लास्टर भिजवण्याआधी कवळीवाला काळभोरचं कालचं उत्तर वाची, दातओठ खाई, आणि मगच त्याच्या हाताला कामाचा सूर लागे. आवाजाचं बटण फोनच्या डाव्या कडेला असावं की उजव्या, यावर दोघांची चारशे बारा उत्तरांची लढाई झाली होती. निकाल लागायच्या आतच दोन्ही कंपन्यांनी आपापलं बटण दुसऱ्या कडेला हलवलं. तेव्हा दोघांनी मुकाट्याने बाजू बदलल्या आणि पुढची तीनशे उत्तरं लिहिली.

काळभोर दिसायला कसा असेल, हेही कवळीवाल्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पस्तिशीचा इंजिनिअर, जाड मान, फिरती खुर्ची, आणि मागची एक दाढ किडलेली. ती दाढ त्याने सूडापोटी घातली होती.

वर्षातून एकदा कट्ट्यावर वादसभा भरे. दोन्ही पक्षांचा एकेक वक्ता, दुपारी तीन ते पाच, जे काय मांडायचं ते तिथल्या तिथे लिहून मांडायचं. मग सगळ्यांनी मत देऊन वर्षाचा फोन ठरवायचा. सहा वर्षं हेच दोघे वक्ते होते. तीन वेळा निळे जिंकले होते, तीन वेळा काळे. सातवी सभा तीन आठवड्यांवर आली होती, आणि निळ्यांचा म्होरक्या, जो पोटापाण्यासाठी फरश्या बसवायचा, तो कवळीवाल्याला रोज निरोप धाडत होता की तयारी ठेव.

अशात एका मंगळवारी काळभोरने लिहिलं: ‘हत्तीला चक्क लोक हाकतात. उंच कोण, खंत आहे.’

कट्ट्यावर सगळ्यांनी ते दोनदोनदा वाचलं. काळभोरच्या हातून इतक्या वर्षांत एक वेलांटी चुकली नव्हती. कुणीतरी जपून विचारलं, की साहेब, हे बॅटरीबद्दल आहे का. अर्ध्या तासाने उत्तर आलं: ‘उशिरा अशी, की उंच बकरी उपाशीच हंबरते.’

मग काय विचारता. निळ्यांनी दात काढले. फरशीवाल्याने उंच बकरीचं चित्र काढून कट्ट्यावर टांगलं. काळ्यांची पंचाईत झाली, कारण सेनापतीला वेड लागलं असं तर म्हणता येईना. एकाने लिहिलं, की यात खोल अर्थ आहे. हत्ती म्हणजे निळी कंपनी. दुसरा म्हणाला, बकरी हंबरत नसते, इथेच खरी मेख आहे, विचार करा. तिसऱ्याने ते वाक्य आपल्या नावाखाली बोधवाक्य म्हणून लावून टाकलं. काळभोरने मात्र यातल्या कशालाच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तो गेलाच.

निळ्यांना आनंदाचं भरतं आलं. वक्ताच नाही म्हणजे वादसभा फुकटात खिशात. कवळीवाल्यानेही आनंद करायचा म्हणून करून पाहिला. ‘पळाला’ असं लिहिलं. चारशे जणांनी वाहवा केली, पण त्याला ती अळणी लागली. मग त्याने काळ्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक जहरी परिच्छेद लिहिला, ज्याला काळभोरने एरवी उभं सोललं असतं. कुणी हूं की चूं केलं नाही. तो पुन्हा पुन्हा फोन उघडून बघू लागला. जेवताना हात थांबे. एका कवळीला त्याने दोन्हीकडे डावेच सुळे बसवले आणि डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली. घरी बायकोने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, की कुणी गेलं का.

“नाही गं,” तो म्हणाला. “एक माणूस बोलेनासा झालाय.”

“मित्र का?”

“छे. त्याचं तोंडही मला बघवणार नाही.”

तोंड हा शब्द उच्चारल्यावरही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला शुक्रवारी, कामावर. पुढच्या खोलीत एक आजोबा नव्या कवळीचं माप द्यायला बसले होते आणि जुनी कवळी काढून ठेवल्यावर डॉक्टरीणबाईंना सांगत होते, की मी हकाळी हा वाजताच उठतो. मागे कवळीवाल्याच्या हातात मेणाची सुरी होती. ती तशीच राहिली. सकाळी सहा वाजता. हकाळी हा वाजता.

त्याने सुरी ठेवली, फोन काढला, आणि हत्तीचं वाक्य समोर धरून आपले वरचे दात ओठाने झाकून ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. हत्तीला चक्क. सत्तर टक्के. हाकतात. सांगतात. सत्तर टक्के लोक सांगतात, तुमचा फोन संथ आहे. मग बकरी: दुसरं असं, की तुमची बॅटरी दुपारीच संपते. शाळेत घोकलेली वर्णमाला त्याला तीस वर्षांनी उपयोगी पडली. घशातून येणारी अक्षरं धडधाकट होती, ओठांचीही होती, वाट लागली होती ती तेवढी दंत्य अक्षरांची. त, थ, द, स, सगळी गारद. फ तर दात ओठाला टेकल्याशिवाय निघतच नाही. म्हणजे काळभोर लिहीत नव्हता. तो फोनला बोलून सांगत होता, आणि त्याच्या तोंडात वरचे पुढचे दात नव्हते.

त्याने डॉक्टरीणबाईंच्या पॅडवर आधी कच्चं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि मग काळभोरला खासगी निरोप पाठवला: ‘आपली वरची कवळी तुटली आहे, किंवा बसत नाही. अंदाज चुकला असल्यास क्षमा असावी. मी या धंद्यात आहे.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘दोन तुकडे. एका बोटाने लिहिते आहे, बोट दुखते. कट्ट्यावर बोललात तर याद राखा.’

ते ‘लिहिते आहे’ त्याने चार वेळा वाचलं. पस्तिशीचा इंजिनिअर, जाड मान, फिरती खुर्ची, सगळं एका मात्रेवर कोसळलं. किडलेली दाढ तर आधीच गेली होती.

कट्ट्यावर बोलणार नाही असं त्याने कळवलं, आणि कट्ट्यावर तो बोललाही नाही. पण गुपित पोटात ठेवायची सवय नव्हती, म्हणून फरशीवाल्याला फोनवर सांगितलं. फरशीवाला आधी खूप हसला आणि मग धंद्याच्या माणसासारखा गंभीर झाला. म्हणाला, की मदत कर, जरूर कर, माणुसकी म्हणून काही असतं की नाही. फक्त वादसभेपर्यंत लांबव. कवळीला उशीर होतोच. फरशीला होत नाही का?

कवळीवाल्याला मोह झाला नाही असं नाही. एक अख्खी दुपार झाला. चौथा विजय, काळ्यांची रिकामी खुर्ची, नावापुढे विजेत्याचा कायमचा तारा. पण मग त्याने फरशीवाल्याला उलट फोन केला.

“समोरच्याच्या तोंडात दात नव्हते म्हणून मी जिंकलो, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगू?” तो म्हणाला. “ती मला रस्त्यात उतरवून ठेवील.”

पुढच्या रविवारी सकाळी तो आणि बायको निघाले. काळभोरने पत्ता कळवला होता. त्याच शहरात, नदीपलीकडे, चौथा मजला. शिकवणीची गाडी घेतली. बायकोने त्याला चालवायला लावलं, कारण त्याचा सराव सुटला होता, आणि ती शेजारी जादा ब्रेकवर पाय ठेवून बसली. वाटेत त्याने तिला सहा वर्षांचं वैर समजावून सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तो हात सोडून ‘आता चार्जिंगचंच घे’ असं म्हणे, आणि प्रत्येक वेळी गाडी गचका खाऊन थांबे. पूल ओलांडेपर्यंत तो गप्प बसायला शिकला होता.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका सडपातळ बाईंनी. पांढरे केस चापून बांधलेले, पाठ ताठ, आणि तोंडावर घडी घातलेला नॅपकिन. त्यांनी कवळीवाल्याला नखशिखांत न्याहाळलं आणि नॅपकिनमागून काहीतरी विचारलं.

“विचारतायत, हाच का तो अखंड निळा,” बायको म्हणाली. वीस वर्षं घाबरलेल्या माणसांचं दातखीळ बसलेलं बोलणं ऐकून तिला आता काहीही समजत असे. पुढचा तासभर तीच दुभाषी झाली.

बाई न्यायालयात लघुलेखिका होत्या. छत्तीस वर्षं साक्षीदार बोलतील तसं टिपायचं आणि मग ते यंत्रावर बडवून शुद्ध करायचं. निवृत्त होईपर्यंत बोटांचे सांधे कामातून गेले. घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि लिहिल्यावाचून राहवत नव्हतं. तेवढ्यात त्यांना काळा फोन मिळाला. आपण बोलायचं, त्याने लिहायचं. छत्तीस वर्षं त्या दुसऱ्यांचं लिहून घेत आल्या होत्या. आता पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं लिहून घेत होतं, आणि तेही मध्येच पाणी प्यायला न उठता. त्या दिवसापासून त्या काळ्या झाल्या. दिवाणखान्यात किटली काळी, घड्याळ काळं, पायपुसणंही काळं.

कवळी कशी तुटली, ते सांगायला त्या फारशा तयार नव्हत्या. बायकोने दोनदा विचारल्यावर सांगितलं. त्या मंगळवारी निळ्या फोनचं अनावरण होतं. शत्रूकडे काय चाललंय म्हणून बाई ते न चुकता पाहत. मंचावरच्या माणसाने एक सोय दाखवून ‘जगात पहिल्यांदाच’ असं म्हटलं. ती सोय काळ्यात तीन वर्षं होती. बाई उभ्या राहून टीव्हीवर इतक्या जोरात ‘खोटं’ म्हणाल्या, की कवळी सुटून फरशीवर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले.

कवळीवाला खाली बघत बसला. त्या दिवशी त्याने रजा घेतली होती, आणि त्याच वाक्याला त्याने घरी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

“मग लगेच दाताच्या डॉक्टरकडे का नाही गेलात?” त्याने विचारलं.

बाई जे बोलल्या ते सांगताना बायकोला हसू आवरेना. काळा फोन हळूहळू मालकाचं बोलणं शिकतो, असं कंपनीने सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी ठरवलं, की आपण कशाला बदलायचं, फोन शिकेल. बारा दिवस त्या रोज चाळीस वेळा त्याला ‘तुमचा फोन संथ आहे’ हे एकच वाक्य ऐकवत होत्या. खालच्या मजल्यावरचे लोक येऊन विचारून गेले, की तुमचं कुणाशी भांडण चाललंय का.

“शिकला का?” कवळीवाल्याने विचारलं.

बाईंनी मान फिरवली. यावर बायकोला भाषांतर करावं लागलं नाही.

तुटलेली कवळी बाईंनी फोनच्याच काळ्या खोक्यात जपून ठेवली होती. त्याने तुकडे खिडकीशी नेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि खरं ते सांगितलं. जोडता येईल, पण जोडू नये. हिरडी केव्हाच आत गेली आहे, कवळी सैल झाली होती, म्हणूनच एका शब्दाने सुटली. नवी करावी लागेल. त्याला सोमवार ते शुक्रवार लागतील, इतर कामं मागे ठेवून. बाईंनी डोळे बारीक केले आणि विचारलं, की निळा माणूस काळ्यासाठी एवढं का करतो.

“कारण हत्तीला कुणी हाकत नाहीये,” तो म्हणाला. “कट्टा ओस पडलाय.”

तो आठवडा त्याने जीव ओतला. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. मंगळवारी जबडा उभा राहिला, बुधवारी मेणावर दात चढले. दात तो असे निवडत होता जणू नातेवाइकाचे आहेत; जरा पिवळट, जरा झिजल्यासारखे, एक किंचित वाकडा, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. गुरुवारी त्याच्या ध्यानात आलं, की आपण शत्रूची धार लावतो आहोत. तो तसाच घासत राहिला.

शुक्रवारी बाई खुर्चीत बसल्या. कवळी तोंडात गेली, गाल भरले, आणि आरशात पाहून त्या दहा वर्षांनी तरुण झाल्या. अशा वेळी स नीट निघतो का बघायला रुग्णाला आकडे म्हणायला लावतात. बाईंनी सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असे खणखणीत म्हटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम. बायको मुद्दाम दोन शिकवण्या रद्द करून आली होती, तीही म्हणाली, छान. पण बाई छत्तीस वर्षं न्यायालयात होत्या. त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी काळा फोन काढून ओठांसमोर धरला आणि म्हणाल्या, “सत्तर टक्के लोक सांगतात, तुमचा फोन संथ आहे.”

फोनने लिहिलं: ‘सत्तर टक्के लोक सांगतात, तुमचा फोन संत आहे.’

 कवळीवाल्याच्या आतला अखंड निळा टुणकन उठून बसला. त्याने आपला फोन पुढे केला आणि बाईंना तेच वाक्य म्हणायला सांगितलं. निळ्या फोनने कानामात्रेचाही फरक न करता लिहिलं: ‘संथ आहे.’

बाईंचा चेहरा पडला. सहा वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते आज, तेही दाताच्या खुर्चीत, साक्षीदारांसमोर झालं होतं. त्याने फक्त एक फोटो काढायचा होता. त्याचा अंगठा वर उठलाही. पण एकवीस वर्षांचा कान गप्प बसू देईना. त्याने बाईंना ते वाक्य पुन्हा, फोनशिवाय, म्हणायला लावलं, आणि स्वतः डोळे मिटून ऐकलं. मग आणखी एकदा. थ पुरता निघत नव्हता. मागून वारा अडत होता, केसाएवढाच. डॉक्टरीणबाईंना कळला नाही, बायकोला कळला नाही, आणि निळ्या फोनने तर जिथे अडलं तिथे आपल्या मनचं अक्षर घालून ठिगळ लावलं होतं. काळ्याने जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

“काळा बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला.

“ऐकू नाही आलं,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

त्याने घसा खाकरला. “काळा फोन बरोबर आहे. चूक माझ्या दातांची आहे. हा फोन फार चांगला ऐकतो.”

मग त्याने कवळी मागे नेली, पुढच्या दातांच्या पाठीवर कणभर घासली, परत आणली. काळा फोन म्हणाला, संत. पुन्हा नेली, पुन्हा आणली. पाचव्या फेरीला काळ्या फोनने ‘संथ’ लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, कारण बाहेर दोन रुग्ण वाट बघून निघून गेले होते. बाईंनी त्याचा हात हातात घेतला. तो दाबला आणि फोन पिशवीत टाकला. तो फोन सगळा वेळ चालूच होता, हे त्याला रविवारी कळलं.

वादसभा तीन वाजता उघडली. काळभोर परत आल्याचं पाहून काळ्यांनी जो जल्लोष केला त्याने कट्टा दोन मिनिटं बंद पडला. सुरू झाला तेव्हा काळभोरचा पहिला मुद्दा समोर होता: ‘आपला पक्ष श्रेष्ठ असावा, अशी विरोधी वक्त्यांची फार इच्छा असेल, परंतु त्यांचेच शब्द असे आहेत: काळा फोन बरोबर आहे. हा फोन फार चांगला ऐकतो. नाकारायचे असल्यास नाकारावेत.’

हजारभर निळे श्वास रोखून बसले. फरशीवाल्याचे लागोपाठ सात फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. नाकारणं त्याला जमेना, कारण ते खरं होतं. पण अखंड निळा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. शुक्रवारी, पाच फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी, त्याचाही अंगठा एकदा खाली आला होता. त्याने काळभोरच्या फोनच्या पडद्याचा फोटो लावला: ‘तुमचा फोन संत आहे.’ आणि खाली लिहिलं, की हे निळ्या फोनबद्दल काळ्या फोनचं स्वतःचं मत आहे. यावर काळभोर यांनी परंतु म्हणून दाखवावं.

या दोघांच्या हाती एकमेकांचे असले पुरावे आले कुठून, हे कट्ट्यावर आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पाच वाजेपर्यंत दोघे हातघाईवर लढले. बायको शेजारी बसून शिकवणीचं वेळापत्रक लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, की एवढं हसताय कशाला, हरताय ना? तो म्हणाला, तीन मुद्द्यांनी मागे आहे, आणि पुढचं वाचू लागला. शेवटी मतं मोजली तेव्हा काळे अकरा मतांनी जिंकले. निळ्यांनी ठराव करून त्याला तीन महिन्यांसाठी वक्तेपदावरून काढलं. फरशीवाल्याने आठवडाभर अबोला धरला. मग त्याच्या सासूची कवळी सैल झाली आणि तो पहिल्यासारखा बोलू लागला.

सोमवारी सकाळी तो कामावर आला, वाडग्यात प्लास्टर कालवलं आणि सवयीने फोन उघडला. काळभोरचं नवं उत्तर आलं होतं, चार्जिंगच्या तारेची जाडी या विषयावर, चौदा परिच्छेदांचं. सगळ्या अर्धविरामांसकट. वाचता वाचता तो खुर्चीत बसला. पाचव्या परिच्छेदाला ‘काहीतरीच’ म्हणाला, नवव्याला टेबलावर मूठ आपटली, आणि चौदावा संपवून वर पाहतो तर प्लास्टर वाडग्यात दगड होऊन बसलेलं. डॉक्टरीणबाई दारातून विचारत होत्या, की जबडा तयार झाला का. तो म्हणाला, झालाच, आणि एका हाताने हातोडी घेऊन वाडगा फोडू लागला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने तोवर लिहायला घेतलं होतं.